भोकं खालच्या पानाला, पांढरेपणा वरच्या पानाला

पत्र: ताई, नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो, माझं युनिफॉर्म शिलाईचं काम आहे. आठवीतल्या मुलीच्या हट्टापायी वर्षापूर्वी अडीच फुटी फिशटँक घेतला. साधारण 75 लिटर पाणी बसतं. गप्पी, मोली आणि एक सकर असे मासे आहेत. झाडं चार प्रकारची: हायग्रोफिला, अमेझॉन स्वोर्ड, वॅलिस्नेरिया आणि जावा फर्न. सहा महिने सगळं छान होतं. उन्हाळ्यापासून हायग्रोफिलाच्या खालच्या पानांना बारीक भोकं पडतायत, कडा पिवळ्या होऊन पानं गळतायत. स्वोर्डचं नवीन पान पांढरट येतं, शिरा तेवढ्या हिरव्या. वॅलिस्नेरियाच्या पानावर खरखरीत पांढरा थर चढलाय. जावा फर्नच्या पानांखाली काळे ठिपके आलेत, म्हणून सहा पानं कापून टाकली. दुकानदार म्हणाले लोह कमी आहे. दोन महिने लिक्विड आयर्न घालतोय, फरक शून्य. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून टाकीत सोसायटीच्या बोअरचं घालतो. उन्हाळ्यात नुसती भर घातली, पाणी बदललं नाही. लाइट सकाळी आठ ते रात्री दहा. हा रोग आहे का? सगळं उपटून नव्याने लावू का? मुलगी रोज विचारते.

उत्तर:

दादा, नमस्कार. काहीही उपटू नका. आणि जावा फर्नला कात्री लावणं आजपासून बंद करा. त्याचं कारण शेवटी सांगते.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. यात रोग कुठेच दिसत नाही. पण या चार तक्रारींचं मूळही एक नाही, आणि दोन महिने तुमची फसगत झाली ती इथेच. चार झाडं चार वेगळ्या गोष्टी सांगत होती आणि औषध एकच चाललं होतं. दुकानदारांचं अगदीच चुकलं असंही नाही. स्वोर्डपुरतं त्यांचं निदान बरोबर होतं. लोह मात्र तुमच्या पाण्यात टिकणारं नव्हतं.

झाडाची तक्रार वाचताना मी रंगाआधी पानाचं वय बघते. दुखणं जुन्या पानाला आहे की नव्या, एवढं कळलं की अर्धं निदान झालं. दुष्काळाच्या वर्षी कणगीतलं धान्य काढून धाकट्यांच्या ताटात वाढता येतं, पण भिंतीतला दगड काढून त्याची भाकरी करता येत नाही. झाडाचंही तसंच आहे. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही कणगीतली धान्यं. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून उपसतं आणि शेंड्याकडे पाठवतं. म्हणून यांची उणीव आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसते. लोह आणि कॅल्शियम हे भिंतीतले दगड. एकदा पानात बसले की तिथून हलत नाहीत. म्हणून त्यांची टंचाई नव्या पानावर उमटते आणि जुनी पानं खुशाल हिरवी राहतात.

आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे मला शिकवावं लागत नाही. उसाच्या कोवळ्या पानांवर केवडा आला, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडला, की तो लोहाचं नाव घेतो. खालची पानं कडेने करपली की पालाशचं घेतो. देठ परीक्षणासाठी द्राक्षाचं पान तोडतानाही वेलीवरचं कितवं पान तोडायचं हे ठरलेलं असतं. पाण्याखालच्या झाडाला हाच नियम लागू आहे.

आता तुमची हायग्रोफिला. शेंडा हिरवागार, खालच्या पानांना टाचणीएवढी भोकं, भोकाभोवती पिवळी-तपकिरी कड, मग पान गळतं. हे पालाशचं, म्हणजे पोटॅशियमचं दुखणं. हायग्रोफिला झपाट्याने वाढते, त्यामुळे टाकीत पालाश कमी पडला की सहसा तीच आधी ओरडते. माशांच्या खाद्यातून आणि विष्ठेतून नत्र-स्फुरद बऱ्यापैकी मिळतं, पालाश त्या मानाने फार थोडा. पहिले सहा महिने झाडं लहान होती, जे होतं त्यात भागलं. आता ती मोठी झाली आणि कणगी रिकामी झाली.

भोकं गोगलगाईने किंवा सकरने पाडली असतील का, ही शंका रास्त आहे. खाल्लेल्या भोकाची कड स्वच्छ आणि हिरवी असते. पालाशचं भोक आधी ठिपका म्हणून येतं, पिवळं होतं, मग फुटतं. तुमच्या एका फोटोत हे तिन्ही टप्पे एकाच पानावर दिसतात. गोगलगाई बहुधा अशी मरायला टेकलेली पानं उरकतात, धडधाकट पानाच्या वाटेला सहसा जात नाहीत. सकरवर मात्र लक्ष ठेवा. तो स्वोर्डच्या रुंद पानांवर चिकटून पापुद्रा खरवडतो आणि पान जाळीसारखं पारदर्शक होतं. तसं दिसलं तर रात्री लाइट गेल्यावर त्याला काकडीची चकती द्या आणि उरलेली सकाळी काढून घ्या.

यावर उपाय शेतीच्या कोणत्याही दुकानात मिळतो. ठिबकवाले ज्याला शून्य-शून्य-पन्नास म्हणतात ते पोटॅशियम सल्फेट. 20 ग्रॅम पावडर 400 मिली आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवून बाटलीत भरा आणि बाटलीवर नाव लिहा. त्यातलं 20 मिली म्हणजे 1 ग्रॅम. तुमच्या 75 लिटरमध्ये आठवड्यातून एकदा एवढं घातलं की दर लिटरला सुमारे 6 मिलिग्रॅम पालाश वाढतो. नायट्रेट मोजायचं किट मिळालं तर एकदा मोजा. तुमच्याकडे मासे भरपूर आहेत, म्हणजे नायट्रेट पुरेसं असायला हवं. तरीही लिटरला 10 मिलिग्रॅमच्या खाली भरलं, तर शून्य-शून्य-पन्नासऐवजी तेरा-शून्य-पंचेचाळीस, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, त्याच हिशेबाने घाला. एका ग्रॅमात तुमच्या टाकीला लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम नायट्रेट आणि 5 मिलिग्रॅम पालाश मिळतो.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. खताच्या दुकानात गेलात की समोर एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे मिश्र खत दिसेल. सगळं एकत्र आहे म्हणून तेच घ्यावंसं वाटेल. घेऊ नका. त्यात नत्राचा काही भाग युरिया आणि अमोनियमच्या रूपात असतो. आपल्या बोअरच्या अल्कधर्मी पाण्यात अमोनियमचा काही वाटा विषारी अमोनिया होतो, आणि मासे वरती येऊन धापा टाकायला लागतात. बारा-एकसष्ट-शून्यही याच कारणाने नको. सूक्ष्म अन्नद्रव्यांचं शेतीचं मिश्रणही नको, त्यातलं तांबं गोगलगाई आणि कोळंबी मारतं. माझ्या ओळखीच्या एका मुलाने एकोणीसचा एक चमचा घातला होता. सकाळी टाकीत एकही गप्पी जिवंत नव्हता. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

आता स्वोर्ड. नवं पान पांढरट, शिरा हिरव्या, जुनी पानं ठीक. हा सरळसरळ लोहाचा केवडा आहे. मग दोन महिने घातलेलं लोह गेलं कुठे?

ते तुमच्या पाण्याने गिळलं. सोलापूरची जमीन काळ्या खडकाची, बोअरचं पाणी क्षाराचं. साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरं कवच चढतं, डाळ शिजायला वेळ लागतो, हे घरात रोज दिसतं. अशा जड आणि अल्कधर्मी पाण्यात साधं लोह फार काळ विरघळलेलं राहत नाही, त्याचा गंज होऊन तळाशी बसतो. हिराकस (फेरस सल्फेट) घालून पाहायचा मोह होईल तर याच कारणाने तो टाळा. बाजारातल्या लोहाला म्हणून एका सेंद्रिय रेणूची पकड दिलेली असते, त्याला चिलेट म्हणतात. पण ही पकड सगळ्यांची सारखी घट्ट नसते. सगळ्यात जास्त मिळणारं लोह ईडीटीएच्या पकडीतलं असतं, आणि पाण्याचा सामू (पीएच) साडेसहाच्या पुढे गेला की ती पकड सैल व्हायला लागते. डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत तग धरतं. ईडीडीएचए नऊपर्यंत सोडत नाही. तुमच्या बाटलीच्या फोटोत घटकांमध्ये ईडीटीए लिहिलेलं दिसतंय. चुनखडीच्या रानात द्राक्ष-डाळिंबवाले ईडीडीएचए का मागतात, त्याचं कारण हेच.

तेव्हा शेतीच्या दुकानातून 6 टक्क्यांचं ईडीडीएचए लोह आणा. लहानात लहान पुडी घ्या, वर्षभर पुरेल. 1 ग्रॅम 100 मिली आरओच्या पाण्यात विरघळवा आणि त्यातलं 12 मिली आठवड्यातून एकदा घाला. लिटरला साधारण 0.1 मिलिग्रॅम लोह मिळेल. पाण्याला किंचित गुलाबी झाक येईल, घाबरू नका. पण झाक आवडली नाही म्हणून सोडू नका आणि पान लवकर हिरवं व्हावं म्हणून दुप्पटही घालू नका. शिवाय स्वोर्ड हे मुळांनी जेवणारं झाड आहे. खडीत तिच्या मुळाजवळ बोटभर खोल, मत्स्यटाकीसाठी मिळणारी रूट टॅब्लेट, म्हणजे खताची गोळी, दडवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी नवी ठेवा. रानातली काळी माती मात्र टाकीत आणू नका. तिच्यात चुनखडी असते, म्हणजे ज्या दुखण्याशी भांडतोय तेच घरात आणणं.

चुनखडीवरून आठवलं. तळाशी पांढरे खडे दिसतायत. त्यातला एक बाहेर काढून कोरडा करा आणि त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तो संगमरवर किंवा चुनखडीचा. तो पाण्याला आणखी जड करतो. एकदम सगळे उपसू नका, दर आठवड्याला मूठ-मूठ काढा.

वॅलिस्नेरियाच्या पानावरचा खरखरीत थर हा या जड पाण्याचाच पुढचा अध्याय आहे, आणि मला तुमच्या पत्रातली ही सगळ्यात बोलकी खूण वाटली. झाडाला वाढायला कार्बन लागतो. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड संपला की वॅलिस्नेरिया गप्प बसत नाही, ती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन ओढून घेते. मागे उरतो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे गीझरमधलं तेच कवच. तो पानावर बसतो. एखादं जुनं पान कापून त्यावरही लिंबू पिळून मुलीला दाखवा, फसफस दिसेल. म्हणजे ही वॅलिस्नेरिया आजारी नाही, कष्टाळू आहे. पण तिच्यावर ही वेळ आली ती तुमच्या चौदा तासांच्या लाइटमुळे. बैलाला दिवसभर पळवायचं आणि वैरण टाकायची नाही, असं झालंय. लाइट जितका जास्त तितकी झाडाची भूक जास्त. कार्बन, पालाश, लोह, सगळं त्याच मापाने लवकर संपतं. साधा टायमर लावा आणि लाइट सात-आठ तासांवर आणा. तुमचं आणि मुलीचं बघणं संध्याकाळी होत असेल तर दुपारी दोन ते रात्री नऊ ठेवा. माझ्या मते कोणत्याही खतापेक्षा हा बदल मोठा आहे आणि त्याला एक टायमर सोडला तर काही खर्च नाही.

कार्बनसाठी लिक्विड कार्बन म्हणून बाटली मिळते, ती आणू नका. त्यातल्या ग्लुटराल्डिहाइडने वॅलिस्नेरियाची पानं वितळतात.

आता पाणी. उन्हाळ्यापासून बिघडलं असं तुम्ही लिहिलंत. समजा मे महिन्यात तुमच्या टाकीतून रोज दीड लिटर पाणी उडालं. महिन्याचे 45 लिटर झाले. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागे राहतो. वरून तुम्ही पुन्हा क्षाराचंच पाणी भरलंत. म्हणजे एका महिन्यात अर्ध्याहून जास्त टाकीचा क्षार जादा जमला, आणि असे किती महिने गेले ते तुम्हीच मोजा. पाणीटंचाईत पाणी बदलायला जीव होत नाही, हे मी समजू शकते. आपण सगळेच पिंप-बादल्या भरून दिवस काढतो. म्हणून हिशेबाने करू. उडालेल्या पाण्याची भर फक्त आरओच्या पाण्याने घाला. आरओ मशीनच्या दुसऱ्या नळीतून जे वाया जातं ते टाकीत चुकूनही नको, ते बोअरहूनही जड असतं, फरशी पुसायला ठेवा. आणि आठवड्यातून एकदा 15 लिटर बदला, त्यात अर्धं आरओ आणि अर्धं बोअरचं. बदलून काढलेलं पाणी कुंड्यांना घाला. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएसचा पेन स्वस्तात मिळतो. टाकीचं, बोअरचं आणि नळाला येतं त्या दिवशी महापालिकेचं, अशी तिन्ही पाणी मोजून वहीत लिहा. नळाचा आकडा बोअरपेक्षा बराच खाली असला तर बदलायचं पाणी त्या दिवशीच धरून ठेवा, आणि क्लोरीन जायला एक दिवस उघडं राहू द्या.

पूर्ण आरओवर जाऊ नका. गप्पी आणि मोली थोड्या जड पाण्यातच सुखी असतात. एकदम हलकं पाणी त्यांना सोसत नाही, आणि झाडांना आता फुकट मिळणारं कॅल्शियम-मॅग्नेशियमही जाईल. बदलाचं पाणी उन्हात तापलेल्या गच्चीवरच्या टाकीतून थेट ओतू नका, घरात निवू द्या.

बाकीच्या उणिवा तुमच्याकडे दिसत नाहीत, म्हणून ओळखीपुरतं सांगते. जुनी पानं टोकापासून सरसकट पिवळी, भोकं नाहीत, तर नत्र. वाढ खुंटलेली, पानं गडद आणि काचेवर खरवडून निघणारे हिरवे टणक ठिपके, तर स्फुरद. जुन्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. नवीन पान मुडपलेलं, वेडंवाकडं आलं तर पुस्तकं कॅल्शियम म्हणतील, पण आपल्या पाण्यात ते कमी पडणं अवघड आहे. तेव्हा आधी लाइट आणि पाण्याचा प्रवाह बघा. आणि दुकानातून आणलेल्या नव्या झाडाची पहिली पानं गळाली तर लगेच खत घालत सुटू नका. बरीचशी झाडं नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्याखाली गेली की जुनी पानं टाकतात आणि तिथली नवी काढतात.

सगळं एकाच दिवशी सुरू केलंत तर कशाने गुण आला ते कळणार नाही. पहिले दोन आठवडे फक्त लाइट आणि पाणी. तिसऱ्या आठवड्यात शून्य-शून्य-पन्नास. पाचव्या आठवड्यात लोह. स्वोर्डची रूट टॅब्लेट त्याच वेळी.

आता गुण कसा ओळखायचा. भोक पडलेलं पान कधीही भरून येत नाही. पांढरं आलेलं पान क्वचितच थोडं हिरवं होतं. तुम्ही दोन महिने त्याच पानांकडे बघत बसलात आणि मन खट्टू केलंत. तुमच्याकडे दोऱ्याला तोटा नाही. शिलाईचा पॉलिएस्टरचा लाल दोरा घ्या, सुती नको, तो कुजतो. हायग्रोफिलाच्या प्रत्येक दांड्यावर, आजच्या सगळ्यात वरच्या पानजोडीखाली सैल गाठ मारा. स्वोर्डच्या आजच्या सगळ्यात नव्या पानाच्या देठालाही एक बांधा. हे काम मुलीला द्या. यापुढे फक्त दोऱ्यानंतर आलेली पानं बघायची. पालाश सुरू झाल्यापासून दोन-तीन आठवड्यांत हायग्रोफिलाची दोऱ्यावरची पानं जुनी होतानाही अखंड राहिली, तर आपण बरोबर आहोत. स्वोर्डला लोहानंतर महिना द्या. खालची भोकांची पानं अर्ध्याहून जास्त गेली असतील तरच कापा, नाहीतर शेंडा अजून त्यांतूनच जेवतो आहे.

उरला जावा फर्न. ते नेचं आहे, आणि नेच्याच्या पानांखाली रांगेत येणारे काळसर-तपकिरी ठिपके म्हणजे त्याची बीजाणूंची घरं. तुमच्या फोटोत ठिपके एकसारख्या अंतरावर आहेत, पान टणक आणि हिरवं आहे. तुम्ही कापलीत ती सहा पानं निरोगी होती. झालं ते झालं, त्याचं कंद-खोड जिवंत आहे, नवी फुटतील. फक्त ते खोड खडीत पुरलेलं असेल तर मोकळं करा, नाहीतर कुजेल. उरलेल्या पानांपैकी सगळ्यात जुनं पान तसंच राहू द्या. काही आठवड्यांनी त्याच्या कडेला किंवा खालच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी पिल्लं दिसायला लागतील, तपकिरी बारीक मुळांसकट. प्रत्येकाला दोन-तीन पानं आली की हलक्या हाताने सोडवा आणि त्याच लाल दोऱ्याने एखाद्या काळ्या दगडावर बांधा.